माकडाने पिशवी पळवली, बाटली कुणी दिली?

*काकी, नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातला. मी आणि माझा मित्र गावाकडच्या मजेशीर बातम्यांवर व्हिडिओ करतो. पेपराच्या कोपऱ्यात चार ओळी येतात, त्या आम्ही मालवणीत रंगवतो. कॅमेरा मित्राचा, पात्रं सगळी माझी. मे महिन्यात बातमी आली होती, की एका आंबा बागायतदाराची पैशांची पिशवी माकडानं पळवली आणि फणसावर बसून नोटा उधळल्या. त्यावरचा आमचा चार मिनिटांचा व्हिडिओ तीन लाखांच्या वर गेला. इतका आधी एकही चालला नव्हता. पण प्रतिक्रिया वाचून डोकं फिरलंय. मुंबईकर खूश आहेत. काही जण विचारतात, बातमी खरी की तुम्हीच बनवली? काही म्हणतात, मालवणी माणसाची टिंगल किती दिवस करणार? शेतकऱ्याच्या नुकसानीवर हसता म्हणून शिव्याही पडल्या. आम्ही नाव घेतलं नव्हतं, पण कुणीतरी कमेंटमध्ये वाडीचं नाव लिहिलं. आता त्या काकांना बाजारात 'वांदरवाले' म्हणतात. त्यांची मुलगी माझ्या वहिनीची मैत्रीण, ती आमच्याकडे यायची बंद झाली. मित्र म्हणतो, हल्ली लोक कशावरही चिडतात, लक्ष देऊ नको; ग्राफ बघ, बाटलीच्या सीनला सगळ्यात उंच टोक आहे, म्हणजे लोकांना तेच हवंय. व्हिडिओ काढू की ठेवू? आणि लोकांना नेमकं हवंय तरी काय? सोबत कात्रण आणि लिंक पाठवतोय.*

अरे बाबा,

कात्रण आधी वाचलं आणि मग व्हिडिओ पाहिला. तू मात्र उलटा क्रम धरलास असं वाटतं, म्हणजे व्हिडिओ आधी डोक्यात आणि बातमी नंतर.

हसले मी, ते आधी कबूल करते. माकड पाचशेची नोट उजेडाला धरून तपासतं आणि नापसंत करून खाली टाकतं, तिथे मी थांबून पुन्हा मागे जाऊन पाहिलं. तुझ्या मानेचा तो झटका आणि एक डोळा मिटून बघणं शिकवून येत नाही. तेव्हा तुला विनोद कळत नाही, असलं काही मी सांगणार नाही. कळतो, म्हणूनच जरा कडक बोलणार आहे.

कात्रणात वाक्यं मोजून चार आहेत. पहिल्यात माकडानं पिशवी नेली. दुसऱ्यात ते फणसावर चढलं आणि नोटा उधळल्या. तिसऱ्यात लिहिलंय, पिशवीत गड्यांच्या मजुरीचे पैसे होते. चौथ्यात, जमलेल्या लोकांनी नोटा गोळा करून दिल्या तेव्हा काही हजार कमी भरले. तुझ्या व्हिडिओत पहिली दोन वाक्यं साडेतीन मिनिटं चालतात. तिसरं नाहीच. चौथं दहाएक सेकंदांत उरकलंय. आणि बातमीत कुठेच नसलेली एक गोष्ट आहे. बागायतदार झुलत झुलत येतो, त्याच्या हातात बाटली आहे, आणि तो माकडाला "घेतस काय रे घोटभर?" असं विचारतो.

मे अखेरीस बागेतल्या माणसाकडे रोकड का असते, हे तुला मी सांगायला नको. हंगाम संपत आलेला असतो, राखणीला राहिलेले गडी पावसाच्या आधी आपल्या मुलखाला जायला निघतात. त्यातले कितीतरी नेपाळचे. त्यांचा हिशेब हातावर चुकता करावा लागतो. दलालाची पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचा हिशेब, येईपर्यंत कुणी थांबत नाही. म्हणजे तो माणूस त्या दिवशी देणं फेडायला निघाला होता. तू त्याला पिऊन निघालेला दाखवलास. शेतकऱ्याच्या नुकसानीवर हसता म्हणून ज्यांनी तुला शिव्या दिल्या, त्यांना बहुतेक हे कात्रण माहीतही नसेल. तरी त्यांना काहीतरी खटकलं, आणि ते बरोबर खटकलं.

आता तुझ्या मित्राच्या ग्राफकडे येऊ. रिटेन्शनच्या, म्हणजे व्हिडिओचा कुठला भाग किती पाहिला गेला त्याच्या, ग्राफमध्ये टोक वर जातं, कारण लोक तो भाग मागे जाऊन पुन्हा बघतात किंवा तेवढाच दुसऱ्याला पाठवतात. का बघतात, हे ग्राफ सांगत नाही. पोट धरून हसणारा पुन्हा बघतो. "हे खरंच आपले नाना आहेत का?" म्हणून त्या बागायतदाराच्या भावकीतला माणूसही पुन्हा बघतो (आपणही त्यांना नानाच म्हणू). "बाबा त्या दिवशी प्यायले होते का गो?" असं कुणी विचारल्यावर ती मुलगीही पुन्हा बघत असेल. ग्राफमध्ये तिघांची रेघ एकच. म्हणून त्या टोकाला पसंतीची पावती समजू नकोस.

कमेंटचंही तेच. तू त्या आकड्यानं वाचतोस, इतक्या चांगल्या, इतक्या वाईट. त्या कोण लिहितंय हे बघून वाच. मुंबईचा चाकरमानी हसतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर तो बागायतदार नसतोच. त्याला फणस दिसतो, लाल माती दिसते, आजोळचं अंगण दिसतं. त्याचं हसू खरं आहे आणि त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण त्याला उद्या सकाळी त्या माणसाशेजारी बसून कुडाळच्या एसटीनं जायचं नसतं. गावातल्या माणसाला जायचं असतं. म्हणून तो कमेंट करत नाही, बाजारात "ते वांदरवाले तुमीच मा?" म्हणतो. तुझी सर्वांत महत्त्वाची प्रतिक्रिया स्क्रीनवर आलीच नाही. ती तुझ्या वहिनीकडे यायची थांबली.

लोक हल्ली कशावरही चिडतात, हे मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. चिडायला काही लागत नाही, हे मान्य. पण ज्या चार प्रकारच्या कमेंट तू लिहिल्यास, त्या चारही एकाच तराजूत घालता येत नाहीत. एकेक घेऊ.

"खरी की बनवलेली?" विचारणाऱ्यांवर चिडू नकोस. ते योग्य प्रश्न विचारताहेत. खऱ्या बातम्या इतक्या विचित्र असतात आणि खोट्या इतक्या गंभीर चेहऱ्यानं येतात, की भलेभले फसतात. 2012 साली अमेरिकेतल्या 'द अनियन' या विडंबन करणाऱ्या पत्रानं उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांना त्या वर्षीचा सर्वांत आकर्षक पुरुष जाहीर केलं. चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळानं ती थट्टा खरी मानून 55 फोटोंच्या मालिकेसह छापली. तिथे संपादक होते, कार्यालय होतं. तुझा व्हिडिओ तर व्हॉट्सॲपवर तीस सेकंद कापून जातो. सुरुवातीला तू म्हणतोस "ही आमची नाट्यरूपांतरित बातमी", ते त्या तीस सेकंदांत कुठे असणार? फिरतो तो बाटलीचा तुकडा, खाली कुणाच्या तरी अक्षरात "वेंगुर्ल्यात काय घडले पाहा".

यावर उपाय साधा आहे. डिस्क्रिप्शनमध्ये लिहून भागत नाही. चित्राच्या आतच, एका कोपऱ्यात, पहिल्यापासून शेवटच्या फ्रेमपर्यंत चार शब्द ठेव: 'बातमी खरी, संवाद आमचे.' कुणी कुठूनही कापलं तरी ते सोबत जातात. मात्र मग बातमी खरीच ठेवावी लागते, हे लक्षात घे. आज तू ते चार शब्द टाकलेस तर ते खोटे ठरतील, बाटलीमुळे.

न घडलेलं बातमीत घालायचं हे प्रकरण तुमच्यापासून सुरू झालेलं नाही. 2009 साली टायगर वूड्स या गोल्फपटूच्या गाडीला अपघात झाला. तेव्हा नेक्स्ट मीडिया या माध्यमसमूहाच्या तैवानमधल्या लोकांनी त्या बातमीचं ॲनिमेशन केलं, आणि त्यात नवरा-बायकोचं असं भांडण दाखवलं, जे पाहायला तिथे कुणी हजर नव्हतं. जगभर पाहिलं गेलं ते. लोक हसले, आणि "तुम्ही हे पाहिलंत कधी?" असंही विचारलं गेलं. वूड्स हा जगातल्या सर्वांत श्रीमंत खेळाडूंपैकी एक, त्याच्याकडे वकिलांची फौज. तुझ्या नानांकडे ते एक फणसाचं झाड आणि वीस-पंचवीस हापूसची कलमं.

मालवणीच्या टिंगलीचा आरोप मात्र मला सगळ्यात आवडला, कारण तो करणाऱ्यानं तुझा व्हिडिओ तुझ्यापेक्षा नीट पाहिलाय. पुन्हा लाव आणि फक्त ऐक. निवेदक कुठल्या मराठीत बोलतो? टीव्हीच्या. बँकेतला साहेब? तोही. पोलीस? तोही. मालवणी कोण बोलतं? पडणारा, झुलणारा, घाबरणारा आणि माकड. मालवणीत तू विनोद करतोस, याला कुणाची हरकत नाही रे. आपली माणसं एकमेकांची उणीदुणी काढल्याशिवाय चहा पीत नाहीत. पण मालवणी आली की हसायचं आणि पुस्तकी मराठी आली की ऐकायचं, ही सवय तू लावतोयस, आणि मुंबईतल्या सिनेमावाल्यांनी ती आधीच पुरेशी लावून ठेवली आहे. पुढच्या वेळी निवेदकाला मालवणीत बोलू दे, शहाण्यासारखं, तिरकस. आणि फजिती होऊ दे शुद्ध बोलणाऱ्याची. बघ कमेंट कशा बदलतात ते.

आता तुझा मोठा प्रश्न: लोकांना हवंय काय? माझं मत विचारशील तर खरा विनोद फणसावर नव्हताच, फणसाखाली होता. चौथं वाक्य वाच पुन्हा. वरून नोटांचा पाऊस पडतोय आणि सगळा गाव 'मदत' करतोय. एक जण दुसऱ्याला ओरडतो, "खिशात घालू नको रे, मजुरीचे पैशे आसत ते!" आणि त्याचा स्वतःचा पाय एका नोटेवर घट्ट आहे, हलतच नाही. दुसरा नऊ नोटा मोजून देतो आणि दहावीबद्दल माकडावर संशय घेतो. शेवटी काही हजार कमी, आणि सगळे एकमताने म्हणतात, वांदरान खाल्ल्यान. अरे, दशावतारातल्या संकासुरालाही पुरेल इतका माल होता तिथे! आणि हसू कुणावर आलं असतं? आपल्या सगळ्यांवर. त्यात नाना एकटे पडले नसते. तू सोप्या बाजूला गेलास. पिणारा म्हातारा काढायला कष्ट लागत नाहीत.

यावर तू म्हणशील, शिमग्यात तर नाव घेऊन बोलतात, त्याला कोण विचारतं? बरोबर. शिमग्यात सोंगं येतात, शबय, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागायला पोरं दारात येतात, घरधन्याची खोड काढतात, बायकोसमोर काढतात. पण बघ, घरधनी आपल्याच अंगणात उभा असतो. तोही दोन शब्द सुनावतो, पोरांच्या बापाचं काही काढतो, मग खिशात हात घालतो. आणि शिमगा संपतो, त्याला दिवस ठरलेला असतो. तुझ्या व्हिडिओत नानांना अंगण नाही, उलट बोलायची सोय नाही, आणि पालखी देवळात परतायचा दिवसही नाही. पुढच्या गणपतीत कुणाचा तरी मोबाईल तो पुन्हा वर काढणार.

म्हणून ठेवू की काढू, याचं उत्तर मी एकटी देणार नाही. ते नानांना विचारायचं. पण विचारायला जाण्याआधी दोन गोष्टी आजच कर. बाटलीचा भाग काप. तुमचं चॅनल मॉनेटाइझ झालेलं, म्हणजे त्यावर जाहिरातींचे पैसे येत, असतील असं धरते. मग यूट्यूबच्या एडिटरमध्ये आतल्या आत कापता येतं, लिंक तीच राहते, व्ह्यूज जात नाहीत. त्यामुळे "तीन लाख वाया जातील" ही मित्राची सबब चालणार नाही. दुसरं, वाडीचं नाव असलेल्या सगळ्या कमेंट काढ आणि सेटिंगमध्ये अडवायच्या शब्दांत वाडी, आडनाव आणि 'वांदरवाले' हे तिन्ही घाल. कमेंट सरसकट बंद करू नकोस. शिव्या देणाऱ्यांना वाटेल तू पळालास, आणि हसणारे दुसरीकडे जाऊन तेच लिहितील. पिन केलेल्या कमेंटमध्ये स्वच्छ लिही, की बातमीत बाटली नव्हती, ती आम्ही घातली होती, चूक होती, काढली. स्पष्टीकरणाचं पुराण नको. 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' हे तर मुळीच नको. ते वाक्य ऐकलं की माझ्याच भावना दुखावतात.

मग नानांकडे जा. फोन करून नको, मेसेज करून तर नकोच. पैशाचं पाकीटही नेऊ नकोस. हे सांगते, कारण तुमच्या धंद्यातलं एक उदाहरण तुझा मित्र पुढे करील. 2010 साली अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सविलमध्ये, बहिणीवर हल्ला झाल्यावर टीव्हीसमोर संतापून बोललेल्या एका तरुणाच्या मुलाखतीचं ग्रेगरी ब्रदर्स या गटानं गाणं केलं. कोट्यवधी लोकांनी पाहिलं. गरीब वस्तीतल्या माणसाच्या संकटावर जग हसतंय, अशी टीकाही खूप झाली. त्या गटानं गाण्याच्या कमाईत त्या तरुणाला निम्मा वाटा दिला, आणि ते योग्यच केलं. पण तिथे गाणं बाजारात विकलं जात होतं आणि आवाज त्याचा होता. इथे नानांच्या हातावर पाचशेच्या नोटा ठेवल्यास, तर ते दुसऱ्यांदा झाडाखाली उभे असल्यासारखं होईल. वाटा द्यायचा तर बोलण्यात दे. त्यांना विचार, तुम्हाला यावर काही सांगायचंय का. माकडांनी बागेचं काय केलंय, नारळ किती फोडलेत, कागद घेऊन किती कचेऱ्या झिजवल्या, हे त्यांना सांगायचं असेल, तर त्यांच्या तोंडून, त्यांच्याच अंगणात, न कापता घे. कोकणातल्या निम्म्या बागायतदारांचं दुखणं आहे ते. चालेल व्हिडिओ. आणि नाना विनोदी निघाले तर तुझी सुट्टी!

पण ते "नको, आणि आहे तोही काढ" म्हणाले तर त्यांच्या समोर काढ. घासाघीस करू नकोस.

कायद्याचं तू विचारलं नाहीस, तरी मित्रासाठी लिहिते. 'नाव घेतलं नव्हतं' ही ढाल फार पातळ आहे. माणूस ओळखू येत असेल तर बदनामीचा प्रश्न येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम 356 आहे, आणि त्यात नुसतं 'हे खरं होतं' म्हणून सुटका नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. बाटली खरीही नव्हती. शिवाय तू सुरुवातीला कात्रण फोटोसकट बराच वेळ दाखवतोस. घडलेली गोष्ट कुणाच्या मालकीची नसते, पण वार्ताहराची वाक्यं आणि त्यानं काढलेला फोटो यांना 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचे ठपके, आले तर चॅनल बंद होऊ शकतं. बातमी आपल्या शब्दांत सांग, पेपराचं नाव आणि तारीख तोंडानं सांग. जमलं तर त्या तालुका वार्ताहराला एक फोन कर. चार ओळींत न मावलेलं बरंच काही त्याच्याकडे असतं, आणि त्याला कुणी कधी विचारत नाही.

पुढच्या व्हिडिओआधी एक सवय लाव. कात्रणातलं प्रत्येक वाक्य कागदावर उतरव आणि त्यासमोर तुझा सीन लिही. ज्या वाक्यासमोर सीन नाही, ते का गाळलं, हे मित्राला मोठ्यानं सांग. ज्या सीनसमोर वाक्य नाही, तो माकडाचा असेल तर खुशाल ठेव. माणसाचा असेल तर त्या माणसाला तो दाखवायची तयारी आहे का, हे ठरव. माकडानं नोट उजेडाला धरली, हेही बातमीत नव्हतं. त्यानं कुणाचं काय बिघडलं?

नानांकडे जाताना मित्रालाही ने, पण कॅमेरा घरी ठेवायला सांग. ते चिडतील, बोलतील, कदाचित पडवीतूनच परत पाठवतील. तर ये परत, आणि दोन दिवसांनी पुन्हा जा. त्या मुलीला वहिनीच्या हाती निरोप पाठवायचा मोह होईल तुला, तो मात्र आवर. तिच्या वडिलांशी आधी बोल.

— काकी